पुढच्या रांगेचे चार खांब

आमचे दाजी, बेलार्मिनो नाउएल्किन, खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघायचे. खुर्ची त्यांनीच बनवलेली असली तरी बघायचे. दुसऱ्याच्या घरी गेले की नजर आधी छताकडे, मग जमिनीकडे आणि शेवटी घरमालकाकडे. चाळीस वर्षं त्यांनी आमच्या बेटाच्या किनाऱ्यावर होड्या बांधल्या आणि त्यातली एकही बुडाली नाही. पण नवी होडी पाण्यात उतरली की हा माणूस तीन दिवस धड जेवायचा नाही. वारा सुटला की कोण कोण बाहेर आहे ते आठवत दारात उभा राहायचा. माझी बहीण सुनिल्दा म्हणायची, "लग्न एकाशी केलं, पण काळजी अख्ख्या बंदराची घरात आली."

मी हेरिबेर्तो बार्रिया, सुनिल्दाचा धाकटा भाऊ. मला काळजी करणाऱ्या माणसांचा पहिल्यापासून वैताग. माझं घर सात वर्षांपासून एका अंगाला कललंय. मी त्याला बाहेरून एक वासा टेकवून ठेवलाय आणि घर उभं आहे. गोष्ट दाजींची आहे, पण त्यातली चूक माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागून लोक म्हणायचे की लपवलं.

बटाटे काढायच्या दिवसांत ताई वावरातच कोसळली. कास्त्रो शहरातल्या इस्पितळातून परत आली ती चाकांच्या खुर्चीत. डावा हात आणि डावा पाय गेलेला. आमच्याकडे पाऊस थांबतो तो फक्त दम खायला, त्यामुळे परसात बारा महिने चिखल. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून खुर्ची बाहेर काढली आणि चाकं निम्मी आत गेली. मी आणि दाजींनी मिळून ती बियाण्याच्या पोत्यासारखी ओढून काढली. त्यानंतर ताईने बाहेर न्या असं कधी म्हटलं नाही. दीड वर्ष ती खिडकीतून आपल्या लसणाचे वाफे बघत बसली. मध्येच ओरडायची, तिसऱ्या वाफ्यात पाय कोणी दिला म्हणून. चिडलेली असायची तोवर ठीक होतं. पुढे पुढे ती चिडेनाशी झाली आणि दाजींचा चेहरा उतरला.

त्याच सुमारास डॉक्टरांनी दाजींना त्यांच्या हृदयाबद्दल सांगितलं. त्यांनी ते ताईला सांगितलं नाही, किनाऱ्यावर मला सांगितलं. मला वाटलं माणूस जिवाला घाबरला असेल, काहीतरी धीराचं बोलावं. तर ते म्हणाले, "मी गेल्यावर फळी कोण बदलणार?"

कोणती फळी, मी विचारलं. फळी अजून झाडातच होती. त्यांच्या डोक्यात मात्र सगळं तयार होतं. स्वयंपाकघराच्या जमिनीच्या पातळीत, उंबऱ्याशिवाय, थेट परसाच्या टोकापर्यंत लाकडी ओटा. टोकाला गुडघ्याच्या उंचीच्या पेट्या, त्यात माती, त्यात लसूण. म्हणजे ताईला खुर्चीतूनच हात घालता येईल आणि खाडीही दिसेल.

"पंचवीस वर्षं टिकला पाहिजे," ते म्हणाले. "ती त्रेसष्टची आहे. तुमची आई अठ्ठ्याऐंशीला गेली."

"दाजी, एवढं टिकून करणार काय? मध्ये एखादी फळी कुजली तर बदलू की."

"कोण?"

त्यांची एकुलती एक मुलगी लांब दक्षिणेला, पुन्ता आरेनासला, दोन वर्षांतून एकदा येणारी. मी हाकेच्या अंतरावर राहतो, पण मी कसा आहे ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी तेव्हा ताईकडे नाताळला जायचो, बाटली घेऊन, आणि एरवी काही उसनं लागलं तर.

मग सगळा हिवाळा, आमच्याकडे तो जून ते ऑगस्ट, त्यांनी आखणीत घालवला. परसात खुंट्या मारल्या, दोऱ्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या. एकदा स्वतः ताईच्या खुर्चीत बसले, खाली जुन्या फळ्या अंथरल्या आणि मला ढकलायला लावलं. "इथे वळव. अडलं का? परत वळव." मला घाम फुटला. शेजारचे कुंपणाशी येऊन बघत होते, एकाने विचारलंही की दोघांपैकी आजारी कोण. दाजींना त्याचं काही नव्हतं. दोन फळ्यांमध्ये सुताराच्या पेन्सिलीएवढी फट, जास्त नाही, नाहीतर चाक अडेल, आणि कमी नाही, नाहीतर पाणी साचेल. फळ्या चाकाच्या वाटेला आडव्या. तुळयांच्या माथ्यावर डांबरी कागदाच्या पट्ट्या. खांब मातीत पुरायचे नाहीत, प्रत्येकाखाली समुद्रातला एक चपटा दगड. "पाऊस पडतो आणि जातो," ते म्हणायचे. "जे पाणी बसून राहतं ते लाकूड खातं."

आणि लाकूड सगळं उतरत्या चंद्राचं. याच्यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही. चढत्या चंद्रात झाडाच्या अंगात पाणी वर चढलेलं असतं, तेव्हा तोडलेलं लाकूड कुजतं, किडतं, वाकतं. उतरत्या चंद्रात, तेही भर हिवाळ्यात तोडलं तर नातवंडांपर्यंत टिकतं. मी हसायचो. झाडाला काय आकाशात बघायला डोळे आहेत का, असं म्हणायचो. पण दारूच्या टेबलावर हसणं वेगळं आणि बहिणीच्या पायाखाली लाकूड घालणं वेगळं, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्याकडे असं काम कोणी एकटा करत नाही. मिंगा करायची, म्हणजे घरोघर जाऊन विनवायचं. लोक आपले हात आणि हत्यारं घेऊन येतात, आपण त्यांना पोटभर जेवू घालतो, उद्या त्यांच्याकडे आपण जातो. पण सख्ख्या भावाने नुसते हात घेऊन येणं बरं दिसत नाही. दाजी विनवायला आले तेव्हा घरात पाचसहा माणसं बसली होती. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पुढच्या रांगेचे, खाडीकडच्या टोकाचे, चार खांब माझे. वरच्या रानातले सायप्रस आहेत, आजोबांच्या वेळचे."

"जूनच्या उतरत्या चंद्रात तोड," दाजी म्हणाले.

मी हो हो म्हटलं.

जूनमध्ये आठ दिवस पाऊस लागून राहिला. मग मशीनची करवत आतेभावाकडे होती. मग आणखी काहीतरी होतं. खरं सांगायचं तर आळस होता. करवत हातात आली तोवर चंद्र फिरला होता, चढत्याचा तिसरा दिवस होता, आणि शनिवारी करवत परत करायची होती. मी झाडं पाडली. चार खांब निघाले, सरळसोट, तांबूस, वासाने रान भरून गेलं. त्यांच्याकडे बघून मी स्वतःला म्हणालो, यांच्या अंगावर तारीख थोडीच लिहिली आहे.

बैलांनी ओढून खांब खाली आणले तेव्हा दाजींनी विचारलं, "कधी तोडलेस?"

"अमावस्येच्या दोन दिवस आधी, दाजी."

त्यांनी खांबावरून तळहात फिरवला, टोकाशी नाक नेलं आणि बरं म्हणाले. एरवी खिळ्यांच्या पुडीवर दहा प्रश्न विचारणारा माणूस एका प्रश्नात थांबला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी सुटलो म्हणून खूश होतो.

नोव्हेंबरात मिंगा झाली. बावीस माणसं आली. खड्ड्यात दगड तापवून शिंपले, मांस, बटाटे शिजवले होते, सफरचंदाची दारू होती, सगळे मजेत होते, दाजी सोडून. मिंगाला आलेल्याच्या हातचं काम त्याच्यादेखत काढून परत करणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. तसंच त्याने आणलेलं लाकूड परत पाठवणं. त्यामुळे दाजी सगळ्यांच्या मागून नुसते हिंडत होते, काही बोलता येत नव्हतं, आणि कोणाचा खिळा वाकडा गेला की त्यांचाच चेहरा वाकडा होत होता. पुढचे चार दिवस त्यांनी एकट्याने निम्मं काम उसवून परत केलं. पुढच्या रांगेला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून कोणाला हात लावू दिला नाही. माझे चारही खांब त्यांनी खिळ्यांऐवजी बोल्टने बसवले. इथेच बोल्ट का, मी विचारलं. वारा तिकडूनच येतो, ते म्हणाले.

ओट्याला जवसाच्या तेलाचा दुसरा हात वाळला आणि ताई बाहेर आली. आम्ही कोणी ढकललं नाही. उजव्या हाताने चाक फिरवत, थोडी तिरकी, थोडी सरळ, ती स्वतः गेली. थेट टोकाला, लसणाच्या पेटीपर्यंत. तिथे थांबली आणि हात मनगटापर्यंत मातीत घातला. मग म्हणाली, "चाक कुठे अडलं नाही हं." दाजी तोंड फिरवून खाडीकडे बघायला लागले. मीही रडलो असतो. पण माझं लक्ष खुर्चीखाली होतं. ती नेमकी माझ्या खांबांवर उभी होती.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. टोकाखाली जमीन उतरती आहे, पुरुषभर खोल, आणि खाली खडक. पाऊस लागला की माझ्या डोळ्यांसमोर ते खांब यायचे, आतून फुगत चाललेले. मी स्वतःला सांगायचो की चंद्राचं सगळं थोतांड आहे. मग आठवायचं की माझ्या बापाचा गोठा चढत्या चंद्राच्या लाकडाचा होता आणि तो सहा वर्षांत बसला. पहिल्या रविवारी मी सहज म्हणून दाजींकडे माते, म्हणजे आमचा कडू पानांचा चहा, प्यायला गेलो. खिशात टोचा होता. काहीतरी पडलं म्हणत ओट्याखाली गेलो आणि चारही खांबांना टोचून पाहिलं. टणक होते. मला एक आठवडा बरं वाटलं, मग पुढच्या रविवारी परत गेलो.

असं दर रविवारी चाललं. वरून दाजी विचारायचे, "काय सापडलं रे?" मी म्हणायचो, कुत्र्याने हाड आणलं होतं. ते बरं म्हणायचे. आणि खाली गेलोच आहे तर साचलेला पाला काढ, दगडाभोवतीची माती मोकळी कर, पाण्याला वाट करून दे, हे आपोआप होत गेलं. वर आलो की ताई म्हणायची, आलाच आहेस तर तेवढी लाकडं फोड. आलाच आहेस तर चुलीचं धुराडं साफ कर. माझी बायको ओतिलिया म्हणाली की तुझ्या अंगात दाजी शिरले. मी तिच्यावर खेकसलो, कारण मलाही तसंच वाटायला लागलं होतं. जेवायला बसताना मी खुर्ची हलवून बघायला लागलो होतो.

असं दुसरं वर्ष संपत आलं आणि ऑगस्टमध्ये दाजी गेले. त्याआधी चार दिवस इस्पितळात होते. मी एकटा पलंगाशी बसलो होतो तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या रांगेकडे लक्ष ठेव."

सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं. पण मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की तुझ्या बायकोखालचं लाकूड खोटं आहे? तेवढ्यात नर्स आली. दाजी छताकडे बघत होते, आणि मला माहीत आहे ते तिथे तडा शोधत होते.

नऊ दिवसांची प्रार्थना झाली. शेवटच्या दिवशी दुपारी सगळा गाव आला. घर केवढंसं, त्यात पाऊस थांबलेला, म्हणून माणसं ओट्यावर आली. मी मोजायला लागलो. एकतीस झाली, मग सदतीस. आणि जो येईल तो खाडी बघायला टोकाला. मी एकेकाच्या दंडाला धरून सांगत फिरलो की आत गरम सूप आहे, चला. एक कोळी म्हणाला, "हेरिबेर्तो, फुकटच्या जेवणाला तू एवढा आग्रह करणारा कधीपासून झालास?" प्रार्थना सांगणारे फेलिसियानो, शंभर किलोंच्या वर असतील, कोपऱ्यात कठड्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी जपमाळ काढली. आता कोणाला हलवणं शक्य नव्हतं. मी ओट्याखाली गेलो. कोपऱ्यातल्या खांबाला दोन्ही हातांनी धरून बसलो, जसं काही तो मोडला तर मी धरून ठेवणार होतो. वर सदतीस माणसं एका सुरात दाजींच्या आत्म्यासाठी मागत होती आणि मी खाली त्यांच्या वजनासाठी. फळ्या कुरकुरल्यासुद्धा नाहीत. बाहेर आलो तेव्हा लोकांना वाटलं मी एकटा बसून रडत होतो. ते खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात एका रविवारी कोपऱ्यातल्या खांबात टोचा शिरला. नखभर. बाहेरचं पांढरं लाकूड मऊ झालं होतं, गाभा अजून लागत होता. पण शिरला तो शिरलाच. वर ताईच्या चाकांचा आवाज येत होता, ती पेटीकडे निघाली होती. मी धावत वर गेलो आणि खुर्ची मागून धरली.

"ताई, त्या कोपऱ्याकडे जाऊ नकोस."

"का?"

मग सांगणं भागच होतं. तिला आत चुलीपाशी आणलं आणि सगळं सांगितलं, करवतीपासून अमावस्येपर्यंत. इस्पितळात गप्प बसलो तेही सांगितलं. ती एका हाताने बटाटे सोलत होती. दाजींनी तिला फळीवर खिळे मारून दिले होते, त्यावर बटाटा खुपसायचा आणि सोलायचा. ती सोलायची थांबली नाही.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"अरे, ओढ्यापलीकडे तुझं रान. तुझी करवत इथे चुलीपाशी ऐकू येत होती. हे या खिडकीत उभे होते. म्हणाले, चंद्र चढतोय आणि हेरिबेर्तो झाडं पाडतोय."

मग खांब घेतले कशाला, मी कसंबसं विचारलं.

"मीही तेच म्हटलं. म्हटलं परत पाठवा, भाऊ माझा आहे, मी बघते त्याच्याकडे. तर म्हणाले, नको. चारही चांगले लावले तर तो नाताळला येईल, बाटली घेऊन. हे लावले तर दर आठवड्याला येईल." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "वर माळ्यावर बघ जा."

मी शिडी लावली. माळ्यावर, कौलाच्या लाकडांना समांतर, जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळलेले चार खांब होते. सायप्रसचे, पांढरं लाकूड सगळं तासून नुसता गाभा ठेवलेला. तेल पाजलेलं, टोकांना डांबर. खालच्या बोल्टच्या जागी भोकंसुद्धा पाडलेली होती. त्याच वर्षीच्या जुलैच्या उतरत्या चंद्रात पाडलेलं झाड होतं, ताईने खालून सांगितलं. म्हणजे मिंगा झाली तेव्हा ते आधीच इथे होते.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलो. दोन वर्षं मला चिखलात रांगायला लावलं होतं या माणसाने. वरून विचारत होता, काय सापडलं रे. मी शिडीवरच बसलो आणि त्याला, त्याच्या चंद्राला, त्याच्या बोल्टला, सगळ्यांना शिव्या दिल्या. मग रडायला आलं आणि ते लवकर थांबेना. स्वतःच्या बायकोची काळजी वाहायला त्याने अख्ख्या बेटावरून मला निवडलं होतं, ज्याच्या भरवशावर कोणी कोंबडी सोडून जाणार नाही.

खाली उतरलो तेव्हा ताईने माझ्यासाठी माते करून ठेवलं होतं. मी एका घोटात संपवलं.

"आतेभावाला बोलावतो," मी म्हणालो. "उद्या तुळई टेकवून धरली की दोन दिवसांत चारही बदलून होतील. मग तुला कसलीच भीती नाही."

"मला कुठे आहे भीती?" ती म्हणाली. तिने पुढचा बटाटा खिळ्यांवर बसवला, माझ्याकडे न बघता. "तो कोपऱ्यातला एक बदल. बाकीचे तीन राहू देत."